नऊ बोटांचं मशीन

वर्कशॉपमधल्या कटर मशीनला नऊ बोटं होती. टेबलाच्या कडेला ती ओळीनं उगवली होती आणि कामाला उशीर झाला की टकटक वाजायची. नखाला चीर गेलेलं बोट कुमुदच्या वडिलांचं, तात्यांचं. बाकीची तिथं राबलेल्या इतर मिस्त्र्यांची. बोट दिल्याखेरीज तिथं कुणाला मिस्त्री म्हणत नसत. कुमुद मात्र रोज दहाच्या दहा बोटं घेऊन घरी जायची, आणि हे कुणालाच पाहवत नव्हतं.

"करंगळी देऊन टाक गं," तात्या स्टुलावरून म्हणाले. "दहा झाली की मशीन आपलं आपण काम करील. आम्ही सगळे सुटू."

"माझ्या करंगळीवर तुमची सुट्टी? जमायचं नाही."

चौकटीला पताम काढायचा होता, म्हणजे दार टेकायला कडेनं पायरीसारखी खाच. कुमुदनं बांगड्या उतरवल्या. पातं हवं तेवढंच वर ठेवलं. पात्याच्या रेषेतून बाजूला, डावीकडे उभी राहून तिनं लाकूड काठीनं ढकललं.

"काठीवाली!" मालक विष्णूअण्णा हसले. "भित्री कुठली."

"भित्री तर भित्री."

पहिला काप पुरा झाला तशी डावीकडची भिंत पुढं सरकली. कुणी मान वर केली नाही. दुसऱ्या कापासाठी कुमुदनं लाकूड कडेवर उभं केलं. सुटणारी पट्टी मोकळ्या बाजूला पडायला हवी. पातं आणि लाकूड टेकवायच्या गाईडच्या मध्ये अडकली तर ती सुसाट मागं येते. तेवढ्यात नऊ बोटांनी तिची काठी ओढून पात्यात घातली. भुसा उडाला. भिंत आणखी सरकली आणि तिच्या डाव्या खांद्याला लागली. आता उभं राहायला पात्याच्या बरोबर मागंच काय ती जागा उरली.

"आता हातानंच ढकल," अण्णा म्हणाले.

कुमुदनं मशीन बंद केलं. पातं थांबेपर्यंत वाट पाहिली. मग कमरेला खोचलेली दुसरी काठी काढली, पण लाकडाला लावली नाही. भिंतीला चिकटूनच तिनं पुन्हा बटण दाबलं.

"नऊ बोटं आहेत ना तुला?" ती मशीनला म्हणाली. "ढकल की मग!"

बोटांनी लाकूड धरलं. ते पुढं जाऊ लागलं. पातं जवळ आलं तशी बोटं मंदावली, मग थांबली. चिरलेल्या नखाचं बोट सर्वांत पुढं होतं. त्याचं नख पात्याला लागलं.

"कुमे, बंद कर," तात्या उठून उभे राहिले. "दुखतंय मला."

तिला त्यांची दया आली, आणि त्याहून जास्त राग आला.

"दुखतं हे माहीत होतं तुम्हाला. तरी मागत होतात."

पातं फिरतच होतं. ते बोट हळूच लाकडावरून सुटलं, वळलं आणि काठी मागायला तिच्या दिशेनं लांबलं. इकडून तात्यांनीही काठीसाठी आपला चार बोटांचा हात पुढं केला. कुमुदनं दहाही बोटांनी काठी घट्ट धरली.

"ज्याची काठी," ती म्हणाली, "त्यानंच लाकूड कापायचं."