धमनीतले धागे

केरू पेणजवळच्या मिठागरात राबायचा. १९९६ साली मुतखड्याच्या संशयाने त्याची सोनोग्राफी केली, तर भलतंच निघालं. हृदयाकडून पोटात उतरणारी मोठी धमनी बेंबीमागे फुग्यासारखी फुगली होती. रुंदी साडेचार सेंटीमीटर; एरवी दोन असते. मुंबईचे सर्जन म्हणाले, "एवढ्यात फुटण्यापेक्षा ऑपरेशनचाच धोका जास्त. मोजत राहू. साडेपाच झाली की कापू."

केरूची मुलगी किमया मुंबईत बायोकेमिस्ट्रीत पीएचडी करत होती. तिने गाईडकडून विषय बदलून घेतला.

"धमनीच्या भिंतीत लवचिक धागे असतात, बा," एका रविवारी तिने सांगितलं. "इलॅस्टिन म्हणतात. ठोक्याला ताणायचं नि परत जागेवर यायचं, हे त्यांचं काम. लहानपणी बनतात. तुटले की शरीर पुन्हा नीट बनवत नाय."

"मग हायेत ते टिकवायचे."

"तेच शोधतेय."

केरूला एक आठवलं. "माजा आजा मासे धरायचं सुती जाळं ऐनाच्या झाडाच्या सालीच्या उकळत्या पाण्यात बुडवायचा. नायतर खारं पाणी दोन महिन्यांत खायाचं त्याला."

सालीतलं जाळं टिकवणारं तुरट द्रव्य म्हणजे टॅनिन. किमयाने खाटकाकडून बोकडाची धमनी आणली. अर्धी टॅनिनमध्ये भिजवली, मग दोन्ही तुकडे इलॅस्टिन खाणाऱ्या एन्झाइममध्ये ठेवले. दुसऱ्या दिवशी साधा तुकडा लिबलिबीत झाला होता. भिजवलेला ताणला, तर मागे आला. तिने अकरा वेळा करून पाहिलं.

घरी आल्यावर तिला ते सांगितल्यावाचून राहवलं नाही.

"मला दे," केरू म्हणाला.

"माणसाला देता येत नाय अजून. रक्तातून गेलं तर लिव्हर निकामी होईल. आधी उंदीर, मग बाकीचं. वर्षं जातील."

"माज्याकडं वर्षं नाय गो. कागद आण, अंगठा देतो. मी मेलो तर तुज्यावर काय येनार नाय."

"नाय, बा."

तो उठून अंगणात गेला. पुढे पाच महिने तिच्याशी बोलला नाही. ती आली की जेवणाचं ताट घेऊन ओटीवर बसायचा. तिची आई गिरजाबाई मध्ये राहून दोघांचे निरोप पोचवायची.

पुढच्या मोजणीत आकडा पाच पूर्णांक सात आला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डात त्यानेच तिला जवळ बोलावलं.

"कापलेला तुकडा तुला द्यायला सांगितलाय डॉक्टरला."

"राग गेला?"

"थोडा हाय अजून."

ऑपरेशन नीट झालं. पण नंतर मूत्रपिंडं सावरली नाहीत. चौथ्या दिवशी केरू गेला.

तेरावं उरकून किमया प्रयोगशाळेत परतली. तिने त्या तुकड्याचे पातळ काप केले, रंग चढवला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. जिथे काळ्या नागमोडी रेघांचे थर दिसायला हवे होते, तिथे एखाददुसरा तुटका तुकडा होता, बाकी नुसती चट्टे पडलेली भिंत. एवढी झीज पाच महिन्यांतली नव्हती; तिने औषध दिलं असतं, तरी त्याला धरून ठेवायला काही उरलंच नव्हतं. तिला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याचीच लाज वाटली.

हे दुखणं रक्ताच्या नात्यात चालतं, असं गाईडनी तिला सांगितलं. महिन्याभराने ती रोह्याला गेली. केरूचा धाकटा भाऊ काळुराम तिथे कुंडलिकेच्या काठी शेती करायचा. "मला काय झालंय?" म्हणत तो दोन दिवस अडून बसला. तिसऱ्या दिवशी सोनोग्राफीला आला.

डॉक्टरांनी पोटावरून यंत्र फिरवलं. तीन पूर्णांक एक.

काळुराम सदऱ्याची बटणं लावत बाकावर बसला. "दादाचं पण असंच सुरू झालं असंल?"

"व्हय, काका."

"म्हंजे माज्यात धागे असतील अजून."

"असतील बरेच."

"नि तुजं औषध?"

"नाय झालं. नेमकं धमनीपुरतं कसं पोचवायचं, तेच जमत नाय. तुमच्या वेळेत होईल का, ते पण ठाऊक नाय मला."

काळुरामने मान हलवली. त्याचा मुलगा सुभाष डोलवीच्या कंपनीत शिफ्टला होता.

"सुभाषला पण आणतो," तो म्हणाला. "त्याला शनवारी सुट्टी असते."

किमया शनिवारपर्यंत रोह्यात थांबली.