नोरोवसॉरसची मेंढी

गोबीच्या वाळवंटात हाडं खणण्यात गोम्बोची हयात गेली, पण विद्वानांत त्याचं नाव होतं ते एका अंगठ्याएवढ्या जबड्यामुळे. तो जबडा अगदी नव्या जातीच्या डायनासोरचा आहे, असं त्यानं तरुणपणी जाहीर केलं, त्यावर लांबलचक लेख लिहिला आणि त्या जातीला बायकोचं नाव दिलं, नोरोवसॉरस. नोरोव तेव्हा रुसून माहेरी गेली होती. विज्ञानाची सेवा आणि बायकोची समजूत एकाच लेखात उरकली, याचा त्याला फार अभिमान वाटला होता.

त्या उन्हाळ्यात लाल कड्याखाली उयांगाला एक सांगाडा सापडला. उयांगा त्याची जुनी विद्यार्थिनी, आता स्वतःच तुकडीची प्रमुख. पोपटासारखी चोच, मानेमागे हाडाची झालर. असले डायनासोर गोबीत पावलोपावली मिळतात. खणणारे त्यांना मेंढ्याच म्हणतात. गोम्बोनं दुरूनच हात झटकला आणि तो मिठाचा चहा प्यायला तंबूकडे वळला. तेवढ्यात उयांगानं हाक मारली. मेंढीच्या पोटाखाली पिल्लं होती. वाळूचा कडा कोसळून सगळं कुटुंब जागच्या जागी गाडलं गेलं होतं.

गोम्बो पालथा पडून ब्रश चालवू लागला. जवळच्या पिल्लाचा गाल मोकळा झाला आणि त्याचा हात थांबला. जबड्याचा तोच मागचा बाक, त्याखाली तेच टेंगूळ. त्या टेंगळावर त्यानं लेखात पानंच्या पानं खर्ची घातली होती. त्यानं दुसरं पिल्लू साफ केलं. टेंगूळ. तिसऱ्यालाही होतंच. त्याची नवी जात म्हणजे मेंढीचं तान्हं बाळ होतं. मोठेपणी टेंगूळ जिरून जात असणार.

उयांगानंही ते पाहिलं. तो लेख तिनं परीक्षेसाठी पाठ केला होता.

"सर, वारा वाढतोय," ती म्हणाली. "आज झाकून टाकू या का?"

ती आपल्याला पळवाट देतेय, हे गोम्बोला कळलं. झाकायचं, प्लास्टर करायचं, पेटीत घालायचं. गोदामातल्या पेट्या वर्षानुवर्षं उघडत नाहीत. तोवर तो मानानं निवृत्त झाला असता. मोह झाला, खोटं कशाला सांगा. पण मग ती पेटी उघडणारं कुणीतरी त्याच्या पश्चात पोट धरधरून हसलं असतं, आणि त्या हसण्यात त्याला वाटा मिळाला नसता.

"आधी फोटो काढ," तो म्हणाला. "टेंगूळ नीट दिसू दे."

मग धापा टाकत तो टेकडीवर चढला, कारण फोन तिथेच लागे.

"नोरोव, वाईट बातमी आहे."

"कोण गेलं?"

"तू."

त्यानं सगळं सांगितलं.

"म्हणजे माझ्या नावाचं जनावर नव्हतंच?"

"होतं. पण ती मेंढी होती. मेंढीचं पिल्लू."

"म्हाताऱ्या, तुला पिल्लं कधी ओळखता आली? दवाखान्यातून दुसऱ्याचंच पोर कडेवर घेऊन निघाला होतास. नर्स मागे धावली म्हणून बरं."

गोम्बोनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आई जवळ होती का त्या पिल्लांच्या?" तिनं विचारलं.

"हो. वरच होती. पुढचे पाय पसरून."

"मग असू दे," नोरोव म्हणाली, आणि गळ्यात मफलर बांधलाय का, ते विचारून तिनं फोन ठेवला.

हिवाळ्यात राजधानीत, उलानबातरला, परिषद भरली. या शोधाच्या निबंधावर पहिलं नाव उयांगाचं होतं, पण तो वाचायला गोम्बोच उभा राहिला. स्वतः शोधलेली जात स्वतःच खोडायची, हा हट्ट त्यानं सोडला नाही. मागच्या रांगेतून एका प्राध्यापकानं गंभीरपणे विचारलं, की तुमच्या त्या मोठ्या लेखाचं आता काय करायचं. गोम्बो म्हणाला, कागद जाड आहे, चूल छान पेटते. सभागृह हसलं. सगळ्यांत मोठ्यानं हसली ती पहिल्या रांगेत निळा रेशमी झगा घालून बसलेली नोरोव. तिचं हसू थांबेपर्यंत तो शहाण्यासारखा गप्प उभा राहिला. मग त्यानं पडद्यावर पुढचं चित्र लावलं, पिल्लांवर पाय पसरलेल्या त्या आईचं.