मनोऱ्यावरचा लोगो

उंटावरून शेळ्या हाकाव्यात तर मुख्य साहेबांनीच. हवामान मोजणाऱ्या पेट्या ऐंशी फुटी मनोऱ्यांवर बसायच्या. साहेब आयुष्यात स्टुलावर चढले नव्हते. पेटी गोठली, म्हणजे आतला प्रोग्राम अडकून बसला, की वायर काढून परत लावायला चढायचे ते मेकॅनिककाका, वय सत्तावन्न. या महिन्यात सात वेळा.

प्रोग्राम लिहिणाऱ्या ताईला ते बघवत नव्हतं. दुपारी नव्या पेट्या सीलबंद होणार होत्या. जे करायचं ते त्याआधीच.

"वॉचडॉग आहे ना आपल्याकडे?" साहेबांनी विचारलं.

"आहे, पण मुख्य प्रोग्राम सुरू झाल्यावर जागा होतो. पेटी गोठते त्याच्या आधी. चोरी झाल्यावर येणारा पहारेकरी काय चाटायचाय? मी त्याला बूटलोडरमध्येच, म्हणजे वीज आल्याआल्या सगळ्यात आधी चालतो त्या छोट्या प्रोग्राममध्ये, चालू केलाय. तीस सेकंदांत प्रोग्रामकडून खुशालीचा निरोप आला नाही, की तो पेटी आपणहून रीसेट करतो."

तिने पेटी लावली. तीस सेकंदांनी रीसेट. पुन्हा रीसेट. पुन्हा.

साहेब प्रसन्न झाले. "पाजळलीस अक्कल? काढ ते."

ताईने पेटीच्या स्क्रीनवर पाहिलं आणि तिला हसू आवरेना. "साहेब, तुमचा लोगो. चाळीस सेकंद गरगर फिरतो. तो थांबेपर्यंत प्रोग्राम निरोपच धाडत नाही. आणि वॉचडॉगला तीस सेकंदांपुढे थांबता येत नाही."

"लोगो राहील. ती कंपनीची ओळख आहे."

"ऐंशी फुटांवर? कोणाला?"

"कावळ्यांना," काका म्हणाले. "बरेच येतात."

"ते मी ठरवेन," साहेब म्हणाले.

काकांनी कमरेचा चढायचा पट्टा सोडून साहेबांच्या टेबलावर ठेवला. "ठरवा की. लोगो ठेवलात तर पुढच्या वेळी तुम्ही चढा. देवानं मला गुडघे दोनच दिलेत."

साहेबांनी पट्ट्याकडे मेलेल्या उंदराकडे पाहावं तसं पाहिलं. "असल्या फुटकळ गोष्टीत मला ओढू नका," म्हणाले आणि मीटिंगला गेले. त्यांची मीटिंग नेमकी अशाच वेळी निघायची.

ताईने लोगो उडवला. मग पेटी मुद्दाम गोठवायला ती सुरू होत असतानाच मेमरी कार्ड क्षणभर उपसून परत खोचलं. पेटी मेल्यासारखी गप्प. काकांचा हात सवयीने वायरकडे गेला.

"हात लावू नका, काका."

तीस सेकंद. दिवा लुकलुकला, पेटी उठली आणि खोलीचं तापमान दाखवू लागली.

"पुन्हा कर," काका म्हणाले.

तिने पुन्हा केलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदाही पेटी उठली तेव्हा काका खुर्ची ओढून बसले.

"असू दे आता," ते म्हणाले. "कर सील."