एकतिसावी ओळ

माझ्या कापायच्या टेबलाचं एक टोक माझ्या मुलीचं आहे. करारच आहे तसा आमच्यात: माझं कापड तिच्या बाजूला जाणार नाही आणि तिचा चहाचा कप माझ्या बाजूला येणार नाही. मी मशीन चालवली की तिचा स्क्रीन थरथरतो आणि ती ओरडते, "आई, भूकंप!"

त्या सोमवारी मी सकाळपासून दोन पँटी शिवल्या, एक झिप बदलली, आणि ती एकदाही ओरडली नाही. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

ती कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्षभरापूर्वी तिने मला सांगितलं की ती एका डेटाबेसच्या कामात भाग घेणार आहे. डेटाबेस म्हणजे याद्या, नोंदी, नावं, तारखा सांभाळणारा प्रोग्राम; विचारलं की शोधून देतो. हा जगभरातली माणसं मिळून बनवतात, आणि त्याचा कोड कुणालाही वाचता येतो, बदल सुचवता येतो.

"परक्या माणसांनी हात घातलेला चालतो?" मी विचारलं.

"आई, तू शिवण कशी शिकलीस?"

मला कुणी शिकवलं नाही. लोकांचे टाकून दिलेले कोट उसवले आणि आत काय असतं ते पाहिलं.

"मग झालं तर," ती म्हणाली. "ओपन सोर्स म्हणजे असा कोट, की ज्याचं अस्तर उसवून बघायला सगळ्यांना परवानगी आहे. फक्त पुन्हा शिवताना सगळे बघत असतात."

पहिल्यांदा तिने त्यांच्या माहितीपुस्तकातला एक चुकलेला शब्द दुरुस्त करून पाठवला. तिकडून उत्तर आलं: "ठीक." एवढंच. त्या एका शब्दावर माझी मुलगी घरभर नाचली. तो शब्द पाठवणारे गृहस्थ त्या कामात वीस वर्षांपासून आहेत, आणि कुणाचाही बदल आत घ्यायचा की नाही ते तेच तपासतात. तिने त्यांचं नाव ठेवलं खडूस. दुसरा बदल खडूसने चार वेळा परत पाठवला. एकदा म्हणाले, रिकाम्या जागा जास्त आहेत. एकदा म्हणाले, "काय केलं ते दिसतं आहे. का केलं ते लिहा." ती रडकुंडीला आली होती. मला मात्र तो माणूस आवडून गेला. माझ्याकडे शिकायला आलेल्या किती मुलींची टीप मी अशीच चार-चार वेळा उसवायला लावली आहे.

तिसरा बदल मोठा होता. दोन तारखांमधल्या नोंदी शोधायचं काम तिने जास्त वेगाने करून दाखवलं. खडूसने तो घेतला, वर लिहिलं, "चांगलं काम." नवीन आवृत्तीत तो सगळ्या जगात गेला. त्याच जोरावर तिने त्यांच्याकडच्या सुट्टीतल्या उमेदवारीसाठी, म्हणजे इंटर्नशिपसाठी, अर्ज केला. जगभरातून चार विद्यार्थी घेणार होते. यादी शुक्रवारी लागायची होती. ती जागा मिळाली की पुढचं सगळं सरळ झालं, असं ती म्हणत नव्हती. मीच म्हणत होते, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, न विचारता.

सोमवारी जे आलं ते एका दवाखान्यातून. कुठल्या तरी लांबच्या गावातला, लहान मुलांना लस देणारा छोटा दवाखाना. तिथला संगणक बघणारा माणूस त्या सगळ्यांच्या मेलिंग लिस्टवर, म्हणजे सगळ्यांना दिसेल अशा फळ्यावर, लिहीत होता: नवीन आवृत्ती घेतल्यापासून महिन्याची यादी काढली की शेवटच्या तारखेची मुलं त्यात येत नाहीत. त्यांच्या घरी निरोप जात नाही. लस चुकते.

हे तिने मला बुधवारी सांगितलं. सोमवार आणि मंगळवार ती नुसती बसून होती. जेवत होती, पण ताटात काय वाढलंय हे तिला सांगावं लागत होतं.

"माझ्यामुळे झालंय ते," ती म्हणाली.

मी कात्री खाली ठेवली. "नीट सांग."

तिने सांगितलं. त्या प्रोग्रामबरोबर शेकडो टेस्ट असतात. प्रत्येक टेस्ट म्हणजे एक प्रश्न, आणि शेजारच्या फाइलमध्ये त्याचं अपेक्षित उत्तर. कोडमध्ये काही बदललं की सगळे प्रश्न पुन्हा विचारायचे. आलेलं उत्तर आणि अपेक्षित उत्तर जुळलं पाहिजे. तिच्या बदलानंतर अकरा टेस्ट जुळेनात. तिने पहिल्या तीन उघडून पाहिल्या. ओळी त्याच होत्या, फक्त क्रम वेगळा. ते चालतं. अशा वेळी आलेलं उत्तरच नवीन अपेक्षित उत्तर म्हणून ठेवायचं असतं. तिने एका फटक्यात अकराच्या अकरा फाइली बदलल्या.

"आणि अकराव्या फाइलमध्ये?"

"महिनाभराच्या नोंदी मागितल्या होत्या. एकतीस ओळी यायला हव्या होत्या. तीस आल्या."

"तुला दिसलं नाही?"

ती टेबलावरच्या खडूच्या रेघेवरून बोट फिरवू लागली. "दिसलं नाही असं म्हणता येणार नाही, आई. दिसलं, आणि मी म्हटलं, जुनंच चुकलं असेल. अर्जाची मुदत जवळ आली होती. मला ते जुनंच चुकलेलं हवं होतं."

आता मी काय बोलले ते लिहिते. लिहायची हौस नाही. पण ते सोडलं तर ही गोष्टही तीस ओळींचीच होईल.

मी म्हटलं, "कुणाला कळलंय?"

"नाही."

"मग शुक्रवारपर्यंत गप्प बस. यादी लागू दे. शनिवारी सांग हवं तर. तोपर्यंत तो तुझा खडूसच शोधून काढेल, एवढा वीस वर्षांचा अनुभव आहे ना!"

"आई, तो शोधू शकणार नाही. टेस्ट जुळतेय ना! टेस्ट म्हणतेय, उत्तर तीसच. तो मग भलतीकडे शोधणार."

"दोन दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?"

मी मशीनवर बसले. तिचा स्क्रीन थरथरत होता, आणि मला कुणी तरी "भूकंप" म्हणावं असं फार वाटत होतं.

गुरुवारी दुपारी ती वाचत होती. मी एका कोटाचं अस्तर लावत होते. ती मोठ्याने वाचायला लागली, इंग्रजीतलं मला मराठीत करून. खडूसने लिहिलं होतं: चार दिवस या भागात शोधतो आहे. तारखांचा शोध टेस्टनुसार बरोबर आहे, म्हणजे दोष आमच्याकडे नसावा. दवाखान्याने आपला प्रोग्राम तपासून पाहावा.

"आणि त्या दवाखान्यातल्या माणसाचं उत्तर आलंय," ती म्हणाली. "ऐक. 'माझंच काही चुकत असेल. मी पुन्हा सगळं तपासतो. तुमचा एवढा वेळ घेतला, माफ करा.'"

मी सुई टोचलेली तशीच ठेवली.

"काकांसारखंच बोलतोय," ती म्हणाली.

कोणते काका ते तिने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. आमच्या समोरच घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांचं दुकान आहे. दहा-अकरा वर्षांपूर्वी त्यांनी माझ्याकडून कोट शिवून घेतला. चांगलं लोकरी कापड आणलं होतं, मुलीच्या लग्नात घालायला. मी कापताना मापवहीचं चुकीचं पान उघडलं, दुसऱ्याच कुणाचं, आणि बाही इंचभर आखूड कापली. कापड उरलं नव्हतं. लग्न चार दिवसांवर. मी खाडाखोड केली नाही, कारण खाडाखोड दिसते. मी त्यांचं पान फाडलं आणि नवीन पान लिहिलं. साडेतेवीसच्या जागी साडेबावीस. काका आले, कोट घातला, मनगटाकडे बघितलं. मी वही पुढे केली. "काका, तुम्ही माप दिलंत ते हे बघा."

त्यांनी चष्मा वर करून आकडा वाचला. दिवसभर केसाएवढ्या चाकांशी खेळणारा माणूस, आकड्यावर त्यांचा फार विश्वास. म्हणाले, "मीच हात नीट धरला नसेन, ताई. माफ करा."

आधीचं माप घेताना मी टेप लावत होते आणि आकडे सांगत होते. वहीत लिहीत होती माझी मुलगी. तेव्हा दहा वर्षांची. तिचं अक्षर नुकतंच चांगलं वळणदार झालं होतं म्हणून मी तिला लिहू द्यायची. नवीन पानावरचं अक्षर माझं होतं.

तिने त्याबद्दल मला कधी एक शब्द विचारला नव्हता. मला वाटलं होतं, विसरली असेल. मुलं काय काय विसरतात म्हणून आपण निर्धास्त असतो!

"तू... तेव्हापासून..." मी म्हटलं.

"मी तुला बोल लावत नाहीये गं," ती म्हणाली, आणि तेच जास्त लागलं. "अकरावी फाइल बदलताना मला ते पान आठवलं होतं. खरंच आठवलं होतं. मला वाटलं, असं करतात. मोठी माणसं पण करतात, आणि काही होत नाही."

मी म्हटलं, "लिही त्यांना."

"उद्या यादी आहे."

"माहीत आहे मला. लिही."

तिने लिहायला घेतलं. आधी बावीस ओळी झाल्या, त्यात परीक्षा होती, मुदत होती, नवखेपणा होता. मला मराठीत वाचून दाखवल्या. मी म्हटलं, "काय केलं ते लिही. का केलं ते विचारलं तर सांग." ती पहिल्यांदाच हसली, अर्धवट. "खडूस उलटं म्हणतो." पण तिने खोडत-खोडत सहा ओळी केल्या. अमुक टेस्टचं अपेक्षित उत्तर मी बदललं. आधी एकतीस होतं, ते बरोबर होतं. दोष माझ्या बदलात आहे. दवाखान्याचं काही चुकलेलं नाही. हे मला सोमवारपासून माहीत होतं.

"सोमवारपासून कशाला लिहायचं?" माझ्या तोंडून निघून गेलंच. सवय जात नाही.

तिने ते वाक्य तसंच ठेवलं आणि पाठवून दिलं.

उत्तर चाळीस मिनिटांनी आलं. मला वाटलं होतं, रागावतील किंवा मोठ्या मनाचे निघतील. माणसं या दोनातलं काहीतरी करतात. खडूसने लिहिलं, "आता समजलं. अकरा फाइली मी पण उघडल्या नव्हत्या." आणि तिचा बदल काढून टाकला. काढला त्याचं कारण नोंदीत लिहिलं, तिच्या नावासकट.

"ते नंतर पुसतात ना?" मी विचारलं.

"नाही. तिथे काही पुसत नाहीत. केलेलं राहतं, काढलेलंही राहतं. पन्नास वर्षांनी कुणी बघितलं तरी दिसेल."

"अरे देवा," मी म्हटलं.

"हो ना," ती म्हणाली.

शुक्रवारी यादी लागली. चार नावं. तिचं नव्हतं. त्यामुळेच का, ते कुणी लिहिलं नाही, आणि तिने विचारलं नाही. मी दोनदा म्हटलं, विचारून तर बघ. तिसऱ्यांदा तिने माझ्याकडे असं बघितलं की मी झिपांचा डबा आवरायला घेतला.

संध्याकाळी दवाखान्यातल्या माणसाचं आलं. जुनी आवृत्ती घालून त्याने पुन्हा याद्या काढल्या होत्या. दोन महिन्यांत सतरा मुलं सुटली होती. तो स्वतः घरोघरी फोन करत होता. पंधरा सापडली. दोन घरांनी गाव सोडलं होतं. फोन लागत नव्हते. तिला त्याने आभार लिहिले होते. त्या आभारांवर ती जशी रडली तशी यादीवर रडली नव्हती. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. ती दोन मुलं कुठे आहेत ते मला तरी कुठे माहीत होतं?

शनिवारी सकाळी ती टेबलाच्या आपल्या टोकाला बसलेली होती. नवीन टेस्ट लिहीत होती: प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या तारखेसाठी एक, लीप वर्षाची वेगळी. कुणी सांगितलं नव्हतं. घेतील का, तेही माहीत नव्हतं.

मी समोर गेले. काका दुकान उघडून बसले होते. हवा गार होती म्हणून तोच कोट घातलेला. मनगटं बाहेर.

"काका, जरा घरी चला. माप घ्यायचंय."

"कशाचं? मी कुठे काय शिवायला टाकलंय?"

"याच कोटाचं. दहा वर्षांपूर्वी मी बाही चुकीची कापली. तुम्ही हात नीटच धरला होता. वहीतलं पान मी नंतर लिहिलं."

त्यांनी हातातलं घड्याळ काचेवर ठेवलं. मग बाही खाली ओढली, जशी दहा वर्षं ओढत आले होते. "मुलीच्या लग्नातल्या प्रत्येक फोटोत मी हात मागे लपवलेत, ताई," ते म्हणाले. रागाने नाही, एखाद्या घड्याळात काय बिघडलंय ते सांगावं तसे. मग म्हणाले, "आता राहू द्या. बाही चाकांवर घासत नाही, हेच बरं."

"चला तरी."

ते आले. माझ्या पिवळ्या दिव्याखाली उभे राहिले आणि हात सरळ धरला. इतका सरळ, की मला बघवेना. मी खांद्यापासून टेप लावला. मुलगी आपली खुर्ची सोडून उठली आणि तिने मापवही घेतली.

"साडेतेवीस," मी म्हटलं.

"थांब," ती म्हणाली.

वही काखेत धरून ती खाली वाकली, टेपवरचा आकडा स्वतः वाचला, आणि मग लिहिला.