वळणावर राहिलेला दगड

मी दगड बोलतोय. या चढावरून तुम्ही शंभरदा गेला असाल, पण दगडाची विचारपूस करायला कोण थांबतं? गाडीच्या आड आलो तरच माझी आठवण होते, तीही शिव्यांसकट. आज शिव्या जरा बाजूला ठेवा आणि दोन घटका माझं ऐका.

डोंगर फोडून हा रस्ता काढला तेव्हा माझा जन्म झाला. मजुरांनी माझे भाईबंद निवडून निवडून कठड्यात बसवले. मी मात्र एका बाजूनं सपाट, दुसऱ्या बाजूनं निमुळता, मोठ्या कलिंगडाएवढा. मुकादमानं मला दोनदा फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "हा कशातच बसत नाही, टाका तिकडे." असा मी पहिल्याच दिवशी बिनकामाचा ठरलो आणि रस्त्याकडेच्या गवतात जाऊन पडलो.

पण कुणाचं नशीब कुठे उघडेल, सांगता येत नाही. हा चढ इतका उभा आहे की भरलेली गाडी वळणापाशी हमखास दमते आणि थांबली की मागे घसरायला बघते. मग ड्रायव्हर चाकामागे लावायला दगड शोधतो. माझी निमुळती बाजू चाकाखाली अशी चपखल बसायची की माझ्यापुढे बाकीच्यांकडे कुणी बघेना. माल भरलेले ट्रक मी एकट्यानं धरून ठेवलेत. बढाई नाही मारत, खरं तेच सांगतो.

पिकल्या मिशांचा एक म्हातारा ड्रायव्हर होता. तो गाडी पुढे सपाटीला नेऊन उभी करायचा, तेवढं अंतर मागे चालत यायचा आणि मला उचलून पुन्हा गवतात ठेवायचा. हात झटकत म्हणायचा, "बस बाबा, झालं तुझं काम." दम लागायचा त्याला, पण एकदाही चुकला नाही. तो कामावरून निवृत्त झाला तेव्हा मला फार चुकल्याचुकल्यासारखं झालं.

त्याच्या ट्रकवर मग एक तिशीतला ड्रायव्हर आला. माणूस वाईट नव्हता. हसतमुख, कुणाच्याही अडीनडीला धावणारा. फक्त प्रत्येक गोष्ट नंतरवर टाकायची त्याची खोड होती. टायर नंतर बघू, हँडब्रेक नंतर बघू.

त्याची थोरली बहीण नर्स होती. स्कूटरवरून वरच्या गावांत जायची, बाळंतिणींना तपासायला, पोरांना लस टोचायला. सगळे तिला नर्सताई म्हणायचे. हेल्मेटचा पट्टा घट्ट बांधलेला, वेग बेताचा आणि प्रत्येक वळणाआधी दोनदा हॉर्न. त्या दोन हॉर्नवरून मी तिला ओळखायचो.

त्या दिवशी दुपारी सिमेंटच्या गोण्या भरलेला त्याचा ट्रक वळणापाशी तापून थांबला. त्यानं मला चाकामागे लावलं आणि बॉनेट उघडून उभा राहिला. तेवढ्यात खालून दोन हॉर्न वाजले.

"काय रे, आज पुन्हा मान टाकली गाडीनं?" ताईनं स्कूटर कडेला घेतली.

"तापलीय जरा. होईल गार."

"आणि हँडब्रेक?"

"बघतो नंतर."

"शाळेपासून तुझं हेच. बरणी तू फोडायचास आणि बोलणी मी खायची."

"मोठी आहेस ना तू. मग खाणारच."

ती हसली. स्कूटर सुरू करता करता म्हणाली, "निघताना तेवढा दगड उचल हं. मला दोनच चाकं आहेत बाबा."

"हो गं ताई. जा, तुझ्या बाळंतिणी वाट बघत असतील."

ती वर गेली. थोड्या वेळानं ट्रकही सुरू झाला. एकदा सुरू झालेली गाडी पुन्हा थांबवायला नको, असं त्याला वाटलं असणार. पुढे सपाटीला तो थांबलाही नाही. मी आपला रस्त्यातच.

मग सुरू झाली माणसांची ये-जा. एका मोटारसायकलवाल्यानं मला चुकवलं आणि "कुठल्या गाढवानं ठेवलाय" म्हणून निघून गेला. शाळेच्या बसच्या ड्रायव्हरनं वेग कमी केला, आतल्या पोरांना म्हणाला, "असा दगड ठेवणाऱ्याला फटके द्यायला पाहिजेत," आणि तोही गेला. एका जीपचं चाक मला घासून गेलं आणि मी ढकलला जाऊन पलीकडच्या अंगाला, उतरणाऱ्या गाड्यांच्या वाटेत आलो. जीपवाल्यानं खाली उतरून चाक तपासलं. मला नाही उचललं. बोलायला सगळ्यांना तोंड होतं, वाकायला कुणाचीच कंबर मोकळी नव्हती.

ऊन कललं. या वळणावर कलतं ऊन खाली उतरणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जातं. मी मनात म्हणत होतो, आता कुणीतरी या रे, उचला मला.

वरून दोन हॉर्न वाजले.

लोक म्हणतात दगडाला काळीज नसतं. नसेल. मग त्या क्षणी माझ्यात काय तुटलं, ते मला तरी कुणी सांगावं.

तिचा वेग बेताचाच होता, पण माझ्यावर चाक चढलं आणि ती कठड्याच्या कोपऱ्यावर जाऊन आदळली. बराच वेळ हालचाल नव्हती. मग ती कण्हली आणि सरपटत परत रस्त्यात आली. मला वाटलं, मदतीला कुणी दिसतंय का ते बघतेय. तिनं दोन्ही हात माझ्यावर ठेवले आणि मला ढकलू लागली. थोडं ढकलायची, थांबायची, पुन्हा ढकलायची. मी गवतात पोचेपर्यंत तिनं सोडलं नाही. मग माझ्यावरच डोकं टेकून पडून राहिली.

गोण्या उतरवून तिचा भाऊ खाली आला. आडवी पडलेली स्कूटर बघून त्यानं ट्रक तिथेच सोडला, धावत आला. तिनं डोळे उघडले.

"ताई, मी उचलणारच होतो गं आता..."

"ऐक," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "कुणी विचारलं तर सांग, कुत्रं आडवं आलं. दगडाचं नाव काढू नकोस. तुझं लायसन जाईल, पोरं लहान आहेत तुझी."

त्यानं तिला उचलून ट्रकमध्ये घातलं. दवाखाना गाठायच्या आधीच ती गेली. हे मला दुसऱ्या दिवशी चढावर थांबलेल्यांच्या बोलण्यातून कळलं. कुत्र्यांचा फार सुळसुळाट झालाय, असंही ते म्हणत होते.

महिन्याभरानं तो आला आणि माझ्याशेजारी बसला. मला उचलून दरीत भिरकवायला दोनदा उभा राहिला आणि दोन्ही वेळा पुन्हा खाली ठेवलं. मग माझ्याशीच बोलला. "वर गावात तिनं मला विचारलं होतं. उचललास ना रे दगड? मी हो म्हणालो. त्या भरवशावर उतरली ती." आणि लहान पोरासारखा रडला. मला त्याचा राग होता, अजूनही आहे, पण त्या दिवशी त्याची कीवही आली.

परवाची गोष्ट. एका परक्या टेम्पोवाल्यानं मला चाकामागे लावलं, गाडी गार झाली आणि मला तसाच टाकून तो निघाला. मागून ताईच्या भावाचा ट्रक आला. यानं हॉर्न वाजवून वाजवून टेम्पो सपाटीला थांबवला. दोघं चालत माझ्यापाशी आले. टेम्पोवाला तणतणत होता, "एवढ्याशा दगडापायी गाडी थांबवली? कुणी ना कुणी उचललाच असता की."

"नाही उचलत कुणी," हा म्हणाला. "इथे माझी बहीण गेली. कुत्रं आडवं आलं म्हणून सांगितलं मी सगळ्यांना. कुत्रंबित्रं काही नव्हतं. हाच दगड होता आणि मीच टाकून गेलो होतो."

टेम्पोवाला खाली वाकला, मला उचललं आणि गवतात ठेवलं. यानं ट्रक वळवून माझ्यापाशी आणला आणि त्याला चाकामागे लावायची एक लाकडी पाचर दाखवली, जाड दोरानं गाडीलाच बांधलेली. "अशी करून घे. विसरलास तरी गाडीबरोबर येईल," म्हणाला. मग म्हणाला, "आता खालच्या नाक्यावरच्या पोलीस चौकीत जातो, खरं काय ते सांगायला." टेम्पोवाल्यानं मान हलवली. ट्रक हळूहळू उतरला, पुढच्या वळणाआधी दोनदा हॉर्न वाजला. त्याला पुन्हा या रस्त्यावर मी अजून पाहिलेलं नाही.

मी आहे तिथेच आहे, गवतात. अडलात तर खुशाल घेऊन जा मला चाकामागे, नाही म्हणणार नाही. पण निघताना चार पावलं मागे या आणि मला उचलून ठेवा. दुसऱ्या कुणी टाकलेला असलो, तरीही उचला. ताईच्या अंगात त्राण उरलं नव्हतं, तरी तिनं मला हलवलं. तुमचे हात तर धडधाकट आहेत.