चतुर्थीचे अर्धे गाऱ्हाणे

देहावरची जखम दिसली की हात देणे सोपे असते. जी दिसत नाही, तिच्यासाठी आधी त्या मनुष्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. भांडुपच्या परबांच्या घराने तो ठेवला, म्हणून ही हकीकत सांगावीशी वाटते.

आषाढात गणपतीचे मखर माळ्यावरून उतरवताना चंद्रप्रकाश परबांचे डोके माळ्याच्या कडेवर आपटले. क्षणभर अंधारी आली, एवढेच. रक्त आले नाही, स्कॅनमध्येही काही निघाले नाही. मेंदूला सौम्य धक्का बसला आहे, तो स्कॅनमध्ये दिसत नसला तरी त्यामुळे होणारे विसरणे खरेच असते, बहुधा विश्रांतीने हळूहळू सुधारेल, असे डॉक्टरांनी सांगितले.

त्यानंतर ते एकच गोष्ट पुनःपुन्हा विचारू लागले. टीव्हीच्या आवाजाने त्यांचे डोके ठणके. पत्नी सुलक्षणा प्रत्येक वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखे उत्तर देत. मुलगा निलेश याने टीव्हीचा आवाज आपणहून बंद केला.

चंद्रप्रकाशांना भय होते ते चतुर्थीचे. पूजेनंतर घरातल्या वडीलधाऱ्याने देवापुढे उभे राहून, एकेकाचे नाव घेऊन, घराचे सुखदुःख मुखाने सांगायचे आणि प्रत्येक वाक्याला सर्वांनी होकार द्यायचा, ही त्यांच्या कोकणातल्या घराण्याची रीत. गिरणीत आयुष्य वेचलेल्या वडिलांनी हे गाऱ्हाणे त्यांच्यावर सोपवले होते. मध्येच खंड पडला तर घराचे म्हणणे देवापर्यंत पोहोचत नाही, अशी त्यांची श्रद्धा. म्हणून यंदा ते धाकट्या भावाने, राजेशने घालावे, असे त्यांनी सुचवले.

"मी नाय घालणार, दादा," राजेश म्हणाला. "गेल्या वर्षी तू माझ्या पोटदुखीसाठी सांगितलंस आणि बढतीसाठी. पोट आहे तसंच आहे, पण बढती मिळाली ना? तुझंच ऐकतो तो."

चतुर्थीला चंद्रप्रकाश उभे राहिले. पहिले वाक्य नीट आले. पुढे नावे घ्यायची, तर एकही आठवेना. कापूर जळत राहिला. त्यांना कोणी आठवण करून दिली नाही, कोणी घाई केली नाही. अखेर आईकडून आलेल्या बोलीत ते सावकाश बोलले.

"बा देवा म्हाराजा, माझ्या डोक्याक मार लागलो हा. माका आठवणा नाय. पण ह्या घरान माका कधी खोटो म्हणूक नाय. तेंका सुखी ठेव रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," राजेश म्हणाला, आणि मागोमाग सारे. सुलक्षणांचा होकार थोडा उशिरा आला.

जेवताना चंद्रप्रकाशांनी विचारले, निलेशचे नाव घेतले ना? थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारले.

"सगळ्यांचं घेतलंत हो," मोदकावर तूप सोडत सुलक्षणा म्हणाल्या. "पोहोचलं."

मग ते निवांतपणे जेवले.

त्यांच्या स्मृतीला तिच्या गतीने परत येण्यास अवधी मिळो. आणि तोवर त्या घरातल्या उत्तरांची माया अशीच अक्षय राहो.