दोन इंची रिंग

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी रिंग आहे. बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, कापून उरलेल्या तुकड्यातून लोहारानं मला वाकवलं. माझं भोक दोन इंचांचं. सांगण्यासारखं माझ्याजवळ फार नाही. जे माझ्यातून गेलं, तेवढंच मला ठाऊक.

बाहत्तरचा दुष्काळ होता. मुरुम गावाच्या पुढं सरकारनं रस्त्याचं काम काढलं होतं. माणसं घरांना कुलपं लावून तिथंच खोपीत राहायची आणि दगड फोडून खडी करायची. खडी माझ्यातून गेली तर मापात, अडकली तर पुन्हा फोडायची.

जळकोटहून गोरोबा आला, आई नागूबाईबरोबर. मॅट्रिक पास, पुढचं शिक्षण सुटलेलं, नोकरी नाही. पहिले काही दिवस तो तोंडाला पंचा बांधून दगड फोडी, कुणी ओळखू नये म्हणून. जिल्ह्याच्या रोजगार कचेरीत त्यानं नाव नोंदवलं होतं. मार्चमध्ये त्याला पंचवीस पूर्ण होणार होती. बोलावणं त्याआधी यायला हवं होतं, नंतर वय बाद.

मुकादम वीरप्पांनी मला त्याच्या हातात दिलं. "शिकलेला हायस. ढिगारं तूच तपास."

शेजारच्या ढिगावर खडी फोडणारी गजराबाई म्हणायची, "आरं गोरोबा, दुपारच्याला तुझी रिंग आवळती का? सकाळी तर ह्योच दगड गेला हुता."

"मावशी, तो गेला. ह्यो त्याचा थोरला भाऊ."

बायका हसत. नागूबाईच्या ढिगात असे थोरले भाऊ जास्त निघत. दुपारच्या सुट्टीत, सरकारी सुकडी खायच्या आधी, गोरोबा ते गुपचूप फोडून टाकी.

आई रोज विचारी, "कागुद आला का रं?"

"यील."

मार्च गेला. पावसाळ्याच्या तोंडाला काम थांबलं. मला कुणी परत मागितलं नाही, म्हणून मी त्याच्या खिशातच राहिले. घरी आलो तर दाराच्या कडीत एक लांब पाकीट खोचलेलं, उन्हानं पिवळं झालेलं. मुलाखत फेब्रुवारीत होती.

कचेरीत पत्ता याच घराचा होता. कामावर जाताना तो बदलून द्यावा, हे त्याला सुचलंच नव्हतं. शेजारीपाजारीही कामावरच होते. ज्या सरकारनं त्याला रस्त्यावर नेलं, त्याच सरकारनं कुलूपबंद दाराला बोलावलं होतं.

"काय लिव्हलंय?" आईनं विचारलं.

गोरोबानं पाकिटावरचा पत्ता पुन्हा वाचला. "कायी न्हाय. पत्ता बरोबर हाय म्हनत्यात."

"मग झालं की," म्हणून ती कुलूप काढू लागली.

त्यानं ते पत्र गुंडाळून माझ्यात घातलं. कुठं अडलं नाही. आम्हा दोघांना त्यानं खुंटीला लावलं, आणि पुढची वर्षं तो लोकांच्या ट्रॅक्टरवर मजुरीनं जात राहिला.

मित्रांनो, उपदेश करावा एवढी मी मोठी नाही. पण घर सोडून जाल तेव्हा कुठं चाललात ते पोस्टमनला सांगून जा. आणि कुणाच्या दारात पत्र पिवळं पडत असेल, तर ते तिथंच राहू देऊ नका. तो माणूस कुठंतरी दगड फोडत असतो.